न विणलेले कापड

(लोकर पिंजून, भिजवून आणि घोळवून कापड तयार करण्याची कला फार जुनी आहे. काश्मीरचा नमदा हा त्या कलेचा सुंदर नमुना होय. नमदा कसा तयार होतो, लोकरीच्या कोणत्या गुणामुळे तो तयार होतो आणि त्याच रीतीने एक सुंदर हातपिशवी कशी करता येते, याची माहिती या पाठात दिली आहे.)

कापड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माग उभा राहतो. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी यांसारख्या गावांतील मुलांना तर मागाचा खडखडाट लहानपणापासून ओळखीचा असतो. मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांतून आडवा धागा इकडून तिकडे धावतो आणि बोटाबोटाने कापड वाढत जाते. उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. ताणाबाणा नाही तर कापड नाही, असे आपण समजतो.

पण एक कापड असे आहे की ते कधीच मागावर चढत नाही. त्यात ताणा नाही आणि बाणाही नाही. त्यासाठी सूत कातावे लागत नाही. लोकर, गरम पाणी, साबण आणि माणसाचे हात एवढ्यावरच ते तयार होते. या कापडाला नमदा म्हणतात. हा शब्द तुम्हांला उर्दूतूनही माहीत असेल. फारसी भाषेतील ‘नमद’ या शब्दावरून तो आला आहे.

नमद्याचा इतिहास फार मोठा आहे. सायबेरियातील अल्ताय पर्वताच्या प्रदेशात पाझिरिक नावाचे ठिकाण आहे. तेथे बर्फात गोठलेली जुनी थडगी सापडली. सुमारे २३०० ते २४०० वर्षांपूर्वीच्या या थडग्यांत नमद्याचे पडदे आणि घोड्याच्या खोगिरावरची आच्छादने होती. त्यांवर रंगीत नमद्याचे तुकडे हाताने शिवून पशुपक्ष्यांची चित्रे केलेली होती. बर्फामुळे ती इतकी वर्षे टिकली. त्यांतील अनेक वस्तू आज रशियातील सेंट पीटर्सबर्ग शहराच्या हर्मिटेज संग्रहालयात आहेत. मध्य आशियातील भटके मेंढपाळ तर गोल तंबूवर नमद्याचेच आच्छादन घालत आले आहेत. बाहेर कडाक्याची थंडी असली तरी आत ऊब राहते. जेथे मेंढ्या होत्या, थंडी होती आणि एका जागी माग मांडून बसायला सवड नव्हती, तेथे नमदा हेच माणसाचे कापड झाले.

लोकरीचा अजब गुण

कापसाचा ढीग कितीही भिजवला, कितीही चोळला तरी त्याचे असे घट्ट कापड होत नाही. मग लोकरीचे कसे होते? याचे उत्तर लोकरीच्या केसात आहे.

लोकर म्हणजे मेंढीच्या अंगावरचे केस. आपले केस ज्या केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्याचीच लोकरही बनलेली असते. लोकरीचा एक तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गुळगुळीत दिसत नाही. त्याच्यावर बारीक बारीक खवले असतात. घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक चढवलेली असतात, तसे हे खवले एकावर एक बसलेले असतात. सर्व खवल्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. म्हणून लोकरीच्या तंतूवरून मुळाकडून शेंड्याकडे बोट फिरवले तर ते सहज सरकते. उलट दिशेने फिरवले तर किंचित अडते.

कोरड्या लोकरीत हे खवले अंगाला चिकटून असतात. गरम पाणी लागले की तंतू फुगतो आणि मऊ होतो. साबणामुळे खवले उघडतात आणि तंतू ओलसर, निसरडेही होतात. अशा वेळी लोकर हाताने चोळली की प्रत्येक तंतू थोडा थोडा सरकू लागतो. तो मुळाच्या दिशेने पुढे जातो, पण खवल्यांमुळे त्याला मागे येता येत नाही. गर्दीच्या अरुंद बोळात शिरलेल्या माणसासारखी त्याची स्थिती होते. पुढे ढकलले जायचे, परत फिरायचे नाही. असे हजारो तंतू एकमेकांत शिरतात, अडकतात आणि आवळले जातात. लोकरीचा भुसभुशीत थर आकसतो, जाड होतो आणि शेवटी त्याचे घट्ट कापड बनते.

लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात चोळून धुतला तर तो लहान मुलाला येईल एवढाच उरतो. तेथेही हेच घडलेले असते. घरात त्याला नुकसान म्हणतात. नमदा करणारा कारागीर मात्र हेच जाणूनबुजून घडवून आणतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. एकदा आवळलेली लोकर पुन्हा मोकळी होत नाही. शिवण उसवता येते, वीण उलगडता येते. पण नमदा उलगडता येत नाही. म्हणून या कामात घाई चालत नाही.

ॲक्रिलिकच्या धाग्याला आपण बोलताना लोकरच म्हणतो, पण तो कारखान्यात तयार होतो. त्याच्यावर खवले नसतात. त्यामुळे त्याचा नमदा होत नाही. यंत्रात धुता यावी म्हणून खास प्रक्रिया केलेली लोकरही नमद्याच्या कामाची नसते, कारण त्या प्रक्रियेत खवले निकामी केलेले असतात. लोकर खरी की खोटी हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटाने सहज चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक गोळी होते.

काश्मीरचा नमदा

काश्मीरमध्ये नमदा ही जमिनीवर अंथरण्याची वस्तू आहे. थंडीच्या दिवसांत पायाखाली ऊब देणारा तो स्वस्त गालिचाच म्हणा ना! अकबर बादशहाच्या घोड्याला थंडीपासून वाचवण्यासाठी नुबी नावाच्या एका माणसाने पहिला नमदा तयार केला, अशी दंतकथा तेथे सांगतात. हजरत मीर सय्यद अली हमदानी यांच्याबरोबर इराणहून जे कारागीर आले त्यांनी ही कला आणली, असेही सांगितले जाते. दंतकथा कोणतीही असो, कला मात्र पिढ्यान्पिढ्या बापाकडून मुलाकडे येत राहिली.

नमदा करण्याची रीत अशी आहे. प्रथम लोकर निवडून साफ करतात आणि पिंजतात. पिंजल्यावर ती ढगासारखी हलकी होते. जमिनीवर चटई पसरून तिच्यावर लोकरीचे सारखे थर देतात. त्यांवर साबणाचे पाणी शिंपडतात. मग चटईसकट सारी लोकर घट्ट गुंडाळतात आणि दोरीने बांधतात. ही गुंडाळी पायांनी आणि कोपरापर्यंतच्या हातांनी दाबत पुढेमागे लोळवतात. मध्येच उघडून पाहतात, पातळ जागी लोकर भरतात आणि पुन्हा लोळवतात. हे अंगमेहनतीचे काम तासन् तास चालते. नंतर नमदा धुऊन उन्हात वाळवतात. स्वस्त नमद्यात कापूस मिसळतात. लोकर जितकी जास्त, तितका नमदा टिकाऊ.

वाळलेला नमदा भरतकाम करणाऱ्याकडे जातो. आकडीसारखे टोक असलेल्या आरीने तो रंगीत लोकरी धाग्याची साखळी विणत जातो. चिनारची पाने, फुलांच्या वेली, कोयरी, पक्षी असे आकार पाहता पाहता उमटतात. पांढऱ्या नमद्यावर लाल, निळे, हिरवे रंग खुलून दिसतात.

राजस्थानातील टोंक आणि गुजरातमधील कच्छ येथेही नमदा तयार होतो. कच्छमध्ये पिंजारा आणि मन्सुरी समाजातील कारागीर हे काम करीत आले आहेत.

नमद्याला वाईट दिवसही पाहावे लागले. चांगली लोकर मिळेना, मेहनतीच्या मानाने मजुरी पुरेना, म्हणून तरुण मुले या कामाकडे पाठ फिरवू लागली. १९९८ ते २००८ या काळात काश्मीरच्या नमद्याची निर्यात जवळजवळ थांबली. पुढे २०२१ मध्ये केंद्र सरकारने कौशल्य विकास योजनेतून नमदा शिकवण्याचा एक प्रकल्प हाती घेतला. काश्मीरच्या सहा जिल्ह्यांतील सुमारे २२०० जणांना शिक्षण देण्यात आले. त्यांनी तयार केलेल्या मालाची पहिली खेप २०२३ मध्ये इंग्लंडला रवाना झाली. जुन्या उस्तादांना शिष्य मिळाले, ही यातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. हाताची कला पुस्तकात लिहून ठेवता येते, पण ती जिवंत राहते ती हातांतच.

दख्खनची लोकर

मेंढ्या आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्राच्या कमी पावसाच्या भागात धनगर मेंढपाळ दख्खनी जातीच्या मेंढ्या पाळतात. त्यांची लोकर बहुतेक काळी, आखूड आणि जाडीभरडी असते. वर्षातून साधारण दोन वेळा ती कातरतात. या लोकरीपासून सणगर विणकर खड्डामागावर घोंगडी विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ती कडक करतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात ‘जेन’ नावाचे लोकरीचे जाड अंथरूणही करतात. ते विणलेले नसते. पिंजारी कारागीर लोकर पिंजून आणि घोळवून ते तयार करतात. म्हणजे जेन हा काश्मिरी नमद्याचा दख्खनी भाऊच झाला.

पूर्वी घोंगडी घरोघर लागत असे. पावसात खोळ, थंडीत पांघरूण आणि पाहुणा आला की बैठक, अशी तिची अनेक रूपे होती. पुढे कारखान्यातील स्वस्त चादरी आणि प्लॅस्टिकची इरली आली. घोंगडीची मागणी घटली, तशी लोकरीची किंमतही घसरली. आज कितीतरी ठिकाणी मेंढपाळाला कातरणीची मजुरी पदरची द्यावी लागते आणि कातरलेली लोकर तशीच टाकून द्यावी लागते. थंडीपासून माणसाचे रक्षण करणारी, ओलावा शोषूनही उबदार राहणारी आणि सहजासहजी पेट न घेणारी ही वस्तू उकिरड्यावर जाते! लोकर वाईट म्हणून तिला किंमत नाही असे नाही. तिचे काय करायचे हे लोक विसरत चालले आहेत, म्हणून तिला किंमत नाही. ज्यांना ते आठवते किंवा जे नव्याने शिकतात, ते या लोकरीपासून आजही आसने, पायपुसणी, पिशव्या अशा वस्तू तयार करतात. आपणही एक पिशवी करून पाहू.

पिशवीचे साहित्य

पिंजलेली लोकर १५० ग्रॅम, जाड प्लॅस्टिकचा एक तुकडा, मच्छरदाणीच्या जाळीचा मोठा तुकडा, एक चटई, लाटणे किंवा गोल काठी, अंगाचा साधा साबण, गरम पाणी, कात्री, मोठ्या नेढ्याची सुई, तीन-चार रंगांचे लोकरी धागे, एक मोठे बटण आणि अस्तरासाठी सुती कापड.

लोकर मेंढपाळाकडून आणली असेल तर ती आधी धुवावी लागते. तिच्यात माती, काटे आणि मेणासारखा चिकट पदार्थ असतो. या पदार्थाला लॅनोलिन म्हणतात. तो मलमांत वापरतात. लोकर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावी आणि अलगद उचलून काढावी. ती चोळू नये. चोळली तर पिशवी होण्याआधीच तिच्या गाठी होतील. वाळल्यावर बोटांनी मोकळी करून पिंजून घ्यावी. दख्खनी लोकर भरड असल्यामुळे तिला वेळ जास्त लागतो. वरच्या थरात थोडी मऊ लोकर मिसळली तर पिशवी हाताला बोचत नाही.

आधी नमुना, मग पिशवी

लोकर किती आकसेल हे तिच्या जातीवर आणि हाताच्या जोरावर अवलंबून असते. म्हणून आधी १५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा एक छोटा नमुना करून पाहावा. तो आकसून सुमारे १०.५ सेंटिमीटर झाला, तर प्रत्येक बाजू शेकडा ३० कमी झाली असे समजावे. आपल्याला २५ सेंटिमीटरची पिशवी हवी असेल, तर सुरुवात सुमारे ३६ सेंटिमीटरपासून करावी लागेल. नमुना कमी आकसला तर त्या मानाने साचा लहान घ्यावा. येथे गणिताचा उपयोग होतो. अंदाजावर काम केले तर पिशवीऐवजी बटवा हाती येण्याची शक्यता असते!

कृती

प्लॅस्टिकचा ३६ सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोन कापा. त्याचे खालचे दोन कोपरे गोल करा. हा आपला साचा झाला. साचा मध्ये असल्यामुळे पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटत नाहीत.

चटईवर साचा ठेवा. लोकरीचे चार समान भाग करा. पहिल्या भागातील लोकर चिमटीचिमटीने काढून साच्यावर आडवी पसरा. ती चारही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर बाहेर येऊ द्या. वर जाळी टाका. साबणाचे गरम पाणी हाताने शिंपडा आणि तळहाताने दाबून आतली हवा काढून टाका. आता जाळी उचला, साचा उलटा करा आणि बाहेर आलेली लोकर आत दुमडा. या बाजूवर दुसरा भाग तसाच आडवा पसरा, भिजवा आणि पुन्हा उलटा करा. उरलेले दोन भाग दोन्ही बाजूंवर उभे पसरा. एक थर आडवा आणि एक थर उभा असल्यामुळे तंतू सर्व दिशांनी गुंफले जातात. आता साचा चारही बाजूंनी लोकरीत बंद झाला आहे. कोठे पातळपणा वाटला तर चिमूटभर लोकर ठेवून तो भाग भरा.

आता हाताला साबण लावा आणि जाळीवरून हलक्या हाताने गोल गोल चोळा. सुरुवातीला मुळीच जोर देऊ नका. जोर दिला तर थर सरकतात आणि भोके पडतात. कडांवरून हात नेहमी बाहेरून आत न्या. दहा-पंधरा मिनिटे दोन्ही बाजू चोळल्यावर चिमटीची परीक्षा घ्या. वरचे तंतू चिमटीत धरून हळूच उचला. सुटे तंतू वर आले तर आणखी चोळा. सगळा थर एकदम उचलला गेला तर पहिला टप्पा पार पडला.

नंतर काठीभोवती चटईसकट सर्व गुंडाळा, दोरीने बांधा आणि पोळी लाटल्यासारखे पुढेमागे लोळवा. शंभर वेळा लोळवून झाले की उघडा, लोकर एक चतुर्थांश फिरवा आणि पुन्हा गुंडाळा. असे चारही दिशांनी करा. ज्या दिशेने आपण लोळवतो, त्या दिशेने लोकर जास्त आकसते. एकाच दिशेने लोळवले तर पिशवी वाकडी होते. काही वेळाने आतला साचा वाकू लागेल. लोकर आवळत चालल्याची ती खूण आहे.

आता कात्रीने वरची कड सरळ कापा. साचा बाहेर काढा. आत हात घालून पाहा. कोठेही शिवण नाही, कोठेही जोड नाही! कापलेल्या कडेला साबण लावून ती चांगली चोळा, म्हणजे ती गुळगुळीत होईल. यानंतर मात्र जोर लावायचा. पिशवी गरम पाण्यात बुडवा, पिळा, कणकेसारखी मळा, फरशीवर आपटा. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावे. मधून मधून पट्टीने माप घ्या. २५ सेंटिमीटर झाले की थांबा. मग स्वच्छ पाण्यात साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. शेवटच्या पाण्यात चमचाभर सिरका घातला तर साबणाचा उरलेला अंश जातो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जाड पुस्तक आत घालून पिशवीला आकार द्या आणि ती सावलीत वाळू द्या. वाळायला एक-दोन दिवस लागतात.

टाक्यांची सजावट

नमद्याला ताणाबाणा नसतो, म्हणून त्याच्या कडेचे धागे निघत नाहीत. त्यामुळे कड दुमडून शिवण्याची गरज नसते. शिवायचे ते शोभेसाठी आणि मजबुतीसाठी.

लोकरीवर पेन्सिल उमटत नाही. त्यासाठी पातळ कागदावर नक्षी काढा, कागद पिशवीवर ठेवा आणि पांढऱ्या दोऱ्याने रेषांवरून धावदोरा घाला. मग कागद हळूच फाडून काढा. नक्षीची वाट दोऱ्याने आखली जाईल. भरतकाम झाल्यावर हा दोरा ओढून टाकता येतो.

नक्षीची बाह्यरेषा आणि वेली साखळी टाक्याने भरा. काश्मिरी कारागीर हाच टाका आरीने घालतो, आपण तो सुईने घालू. सुई वर काढा, धाग्याचा फास अंगठ्याने धरा, जेथून सुई निघाली तेथेच ती पुन्हा खाली घाला आणि थोडे पुढे फासाच्या आतून वर काढा. प्रत्येक कडी मागच्या कडीला धरून ठेवते. धागा फार ओढू नका, नाहीतर नमद्याला चुण्या पडतील. फुलांच्या मध्यभागी गाठीचा टाका घाला. पिशवीच्या तोंडाला विरोधी रंगाच्या धाग्याने काजाचा टाका घाला. त्याने तोंड उठून दिसते आणि ताणही सोसते. धाग्याच्या शेवटी मोठी गाठ मारण्याऐवजी सुई नमद्याच्या जाडीतून दोन-तीन सेंटिमीटर नेऊन धागा कापा. टोक आतच लपून राहते.

बंदासाठी नऊ लोकरी धागे घ्या. तीन-तीन धाग्यांचे तीन पेड करून त्यांची घट्ट वेणी घाला. अशा दोन वेण्या करा. प्रत्येक वेणीचे टोक पिशवीच्या आतून चौकोनी शिवणीने आणि मध्ये फुली घालून पक्के करा. सगळे वजन येथेच पडते, म्हणून येथे दोरा दुहेरी वापरा. समोर बटण आणि मागे धाग्याचा फास लावला की पिशवी बंद होते. आतून सुती कापडाचे अस्तर हाताने शिवले तर किल्ली किंवा पेनाने लोकर ताणली जात नाही.

घरात खऱ्या लोकरीचा जुना, आटलेला स्वेटर असेल तर त्याचीही पिशवी होते. तो गरम साबणाच्या पाण्यात आणखी चोळून घट्ट करावा, वाळवावा, कापावा आणि दोन बाजू शिवून वर असेच भरतकाम करावे.

अशी पिशवी कशी जपावी? ती मळली तर थंड पाण्यात साबणाचा फेस करून ओल्या फडक्याने पुसावी. पेटीत ठेवताना कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवावीत आणि अधूनमधून उन्ह दाखवावे, कारण लोकरीला कसर लागते.

बाजारात पिशव्या पुष्कळ मिळतात. यंत्रातून एका साच्याच्या हजार निघतात. हाताने घोळवलेल्या दोन पिशव्या मात्र कधीच सारख्या होत नाहीत. एखादीची कड थोडी वर जाते, एखादीचा कोपरा अधिक गोल होतो. ज्याने एकदा तरी अशी पिशवी केली आहे, तो नमद्याची किंमत विचारताना घासाघीस करणार नाही. एवढ्या जाड कापडात किती पाणी, किती साबण आणि किती हातांचा जोर जिरलेला आहे, हे त्याच्या स्वतःच्या दुखऱ्या मनगटांनी त्याला सांगितलेले असते.

शब्दार्थ

पिंजणे : कापूस किंवा लोकर मोकळी करणे, धुनकना
तंतू : बारीक धागा, रेशा
खवले : माशाच्या अंगावर असतात तसे पापुद्रे
घोळवणे : इकडून तिकडे फिरवत चोळणे
भरड : जाड, खरखरीत
खळ : कापडाला कडकपणा आणणारा पातळ चिकट पदार्थ
इरले : पावसापासून बचाव करणारे डोक्यावरचे आच्छादन
कोयरी : आंब्याच्या आकाराची नक्षी
नेढे : सुईचे छिद्र
कसर : कापड खाणारा किडा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नमदा हा शब्द कोणत्या भाषेतून आला?
(आ) ॲक्रिलिकच्या धाग्याचा नमदा का होत नाही?
(इ) ‘जेन’ म्हणजे काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गरम पाणी आणि साबण यांचा लोकरीच्या तंतूंवर काय परिणाम होतो?
(आ) पिशवी करण्याआधी छोटा नमुना का करावा?
(इ) दख्खनी लोकरीची किंमत का घसरली?

३. कारणे लिहा.
(अ) लोकरीचा एक थर आडवा व एक उभा देतात.
(आ) नमद्याची कड दुमडून शिवावी लागत नाही.

४. २० सेंटिमीटरची पिशवी हवी आहे आणि लोकर शेकडा २० आकसते. साचा किती सेंटिमीटरचा घ्यावा?

५. तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात हाताने काम करणारा एखादा कारागीर असेल तर त्याला भेटा. त्याच्या कामाची माहिती मराठीत दहा ओळींत लिहा.